गोलात बसवलेली पोरं पाच मिनिटांत का उठतात आणि काय केलं तर टिकतात

बालवाडी असो, अंगणवाडी असो नाहीतर गल्लीतलं प्लेस्कूल, रोज एक वेळ अशी असतेच की सगळ्या पोरांना एकत्र गोलात घेऊन गाणी, गोष्ट, गप्पा असं काहीतरी करायचं असतं, आणि नवीन ताईंचा सगळ्यात जास्त घाम याच वेळात निघतो. दोघं खिडकीत चढलेले, एक चपलांच्या ढिगात बसून चपला जुळवतंय, एक पुढच्या मुलीची वेणी ओढतंय, आणि ताई आपली "हाताची घडी, तोंडावर बोट" करून करून घसा बसवून घेते. आता तोंडावर बोट ठेवलं तर पोरं गाणं म्हणणार कशी हा प्रश्न कोणालाच पडत नाही, पण असो.

माझं ठाम मत असं की मुलं कंटाळून उठतात त्यापेक्षा जास्त वेळा थांबावं लागतं म्हणून उठतात. एकदा कुणाला तरी घड्याळ घेऊन बाजूला बसवा आणि बघा. हजेरी होईपर्यंत थांबा, सगळे नीट बसेपर्यंत थांबा, ताई चित्र शोधतायत तोवर थांबा, तुझा नंबर येईपर्यंत थांब. वीस मिनिटांतला निम्मा वेळ यातच जातो आणि ज्याला आपण शिकवणं म्हणतो ते उरलेल्या वेळात कसंतरी उरकलं जातं. तीन-चार वर्षांच्या मुलाला थांबणं जमत नाही, ती गोष्ट ते अजून शिकतंय, त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून खाली जे काही सांगितलंय त्यातलं बरंचसं मुलांचं थांबणं कमी करण्यासाठीच आहे.

आधी हजेरी गोलातून बाहेर काढा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं. दाराजवळ मुलांच्या उंचीला दोन दोऱ्या बांधा, एका दोरीच्या टोकाला घराचं चित्र आणि दुसरीला शाळेचं. कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या, प्रत्येकावर एक छोटं चित्र चिकटवा, आंबा, छत्री, बैल, चमचा, काहीही, फक्त प्रत्येक मुलाचं वेगळं. मूल आलं की आपला चिमटा घराच्या दोरीवरून काढून शाळेच्या दोरीवर लावतं. चिमटा दाबणं हाच त्या बोटांना चांगला व्यायाम आहे, पुढे पेन्सिल धरायला तीच ताकद लागते. रजिस्टर तुम्ही नंतर निवांत भरा, घराच्या दोरीवर राहिलेले चिमटे म्हणजे गैरहजर. आणि गोलात फक्त एवढंच विचारायचं की आज कोणाचे चिमटे घरीच राहिले? मग पोरं बोटं दाखवून मोजतात, आंबा नाही आला, अरे आंबा म्हणजे तो गणपतीच्या देवळाजवळचा, त्याला ताप आलाय, अशी बातमीही आपोआप मिळते.

कधी आणि किती वेळ

आल्या आल्या गोल घेऊ नका. अर्धा तास पोरं एकेक करून येत राहतात, प्रत्येक नव्या येणाऱ्याबरोबर सगळ्यांच्या माना दाराकडे वळतात. आधी मुक्त खेळ, मग सगळ्यांना लघवीला आणि पाणी प्यायला नेऊन आणायचं, मग गोल. आणि आहाराच्या आधीची वेळ तर अजिबात नको, एकदा खिचडीचा वास सुटला की गोष्टीतल्या राक्षसालाही कोणी विचारत नाही.

वेळेचा माझा अंदाज सांगते, बसून ऐकायच्या गोष्टीला तीन वर्षांचं मूल पाच-सात मिनिटं, चार वर्षांचं दहा, पाच-साडेपाच वर्षांचं पंधरा, फार रंगलं तर वीस. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची सगळीच एकत्र असतात त्यामुळे गोल पंधरा मिनिटांचा धरा आणि त्यातलं लहानग्यांसाठीचं पहिल्या सात-आठ मिनिटांत घ्या, म्हणजे नंतर ती उठून ठोकळ्यांकडे गेली तरी काही बिघडत नाही. एक तासाचा परिपाठ ज्यांना हवाय त्यांनी तो हायस्कूलात घ्यावा.

जागा

मुलांची पाठ दाराकडे आणि तुमचं तोंड दाराकडे असं बसा. तुम्ही दाराकडे किंवा खिडकीकडे पाठ करून बसलात तर मुलांना मागून जाणारी म्हैस दिसते, रिक्षा दिसते, आणि उजेड डोळ्यावर येऊन तुमचा चेहरा तेवढा दिसत नाही. खेळणी ठेवलेल्या कपाटावर किंवा टोपलीवर चादर टाका, समोर उघडी दिसली की हात जाणारच. अंगणवाडीत लटकता वजनकाटा असतो, त्याची झोळी आपल्यासाठी वजनाची असली तरी पोरांसाठी तो झोका आहे, तो काढून ठेवा.

सतरंजीवर खडूने किंवा रंगीत टेपने खुणा करा, दोन खुणांमध्ये एवढं अंतर की हात पसरले तर शेजाऱ्याला लागू नये. निम्मी भांडणं इथेच मिटतात. मांडी घालूनच बसलं पाहिजे हा हट्ट सोडून द्या. कोणी गुडघ्यावर बसतं, कोणी उकिडवं, कोणी पोटावर लोळून हनुवटी हातात धरतं, आणि ते लोळणारंच बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी गोष्ट सगळ्यात नीट सांगतं.

उन्हाळ्यात पत्र्याखाली पोरांचं लक्ष लागत नसेल तर चूक पत्र्याची आहे. बाहेर झाडाखाली बसा. आपल्याकडे अंगणवाडीची कल्पनाच अंगणातून आलीय, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि मुलं तिथपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्याच पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्याच, आणि ढोरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावर शाळा नेली. महागडी साधनं नव्हती तर शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या वापरल्या. तेव्हा "आमच्याकडे खेळ-साहित्याचं किट आलेलं नाही" हे कारण मला फारसं पटत नाही.

सुरुवात: कोणासाठीही थांबू नका

"सगळे बसा, मग आपण सुरू करू" हे वाक्य बंद करा. जे बसले त्यांना शिक्षा आणि जे पळतायत त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष, असा उलटा कारभार होतो. त्याऐवजी दोन गुळगुळीत दगड घ्या, सतरंजीवर बसा आणि एक ठेका धरा. टक टक, टकटकटक. काही बोलू नका. जवळची दोन-तीन पोरं येतात, त्यांना घेऊन सुरू करा, "कोण आलं, कोण आलं, मीना आली, मीना आली, टाळ्या द्या" असं काहीतरी स्वतःच जोडलेलं, ठेक्यात, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेत. आपलं नाव गाण्यात यावं म्हणून पोरं पळत येतात. मदतनीस ताईंचं नाव पण घ्या, त्यांना पण आवडतं. हे रोज तेच ठेवायचं, बदलायचं नाही, आठवड्याभरात दगडाचा आवाज आला की पाय आपोआप सतरंजीकडे वळतात.

मधला भाग

क्रम लावताना एकच नियम लक्षात ठेवा की बसणं झालं की उठणं, उठणं झालं की बसणं. नावाचं गाणं दोनेक मिनिटं, मग उभं राहून एक खेळ तीन मिनिटं, मग खाली बसून मुख्य गोष्ट किंवा वस्तू पाच-सहा मिनिटं, मग परत अंग हलवणारं काहीतरी आणि शेवटी हळू आवाजात निरोप. आणि यात नवीन रोज एकच. नवीन ताई उत्साहात रोज नवं गाणं नवी गोष्ट नवा खेळ आणतात आणि मग मुलं बघत बसतात कारण त्यांना काहीच येत नसतं. मुलांना तेच तेच आवडतं, एक गोष्ट आठवडाभर चालवा, बिनधास्त.

उभं राहून घ्यायच्या खेळात तळ्यात-मळ्यात सारखा खेळ नाही. खडूने एक रेघ मारायची, इकडे मळं तिकडे तळं, उडी मारायची. दिसायला साधा पण यात मुलाला ऐकावं लागतं, आधीचं लक्षात ठेवावं लागतं आणि उडी मारायला निघालेले पाय आवरावे लागतात, "तळ्यात, मळ्यात, मळ्यात" म्हटलं की तिसऱ्याला सगळी पोरं तळ्यात जाऊन पडतात आणि खदखदून हसतात. हे पाय आवरणं म्हणजेच ते लक्ष देणं, जे आपण तोंडावर बोट ठेवून मागत असतो. पण यातला बाद करायचा नियम काढून टाका. जो चुकतो त्यालाच सरावाची गरज आणि त्यालाच आपण बाजूला बसवतो, मग तो बसून काय करणार, दंगा. चुकलं की हसायचं, एक गिरकी घ्यायची आणि परत खेळात. लहानग्यांना सुरुवातीला नुसतं इकडून तिकडे हळूहळू घ्या, मोठ्यांना नंतर भरभर, आणि सरावली की एखाद्या मोठ्या मुलाला ताई बनवून आज्ञा द्यायला लावा. "शिवाजी म्हणतो" पण असाच घ्या, कोणालाही बाद न करता.

आता पिशवीचा खेळ. बाजाराची कापडी पिशवी, आत कांदा, कंगवा, पळी, शंख, डबीत चिंचोके. एक मूल हात घालून ओळखतं. सगळ्या ट्रेनिंगमध्ये हा शिकवतात आणि प्रत्यक्षात हाच खेळ सगळ्यात जास्त फसतो, कारण एकाचा हात पिशवीत आणि एकोणीस जण थांबलेले. चौथ्या मुलापर्यंत गोल फुटतो. दोन उपाय. एक, ज्याचा हात आत आहे त्याने नाव सांगायचं नाही, कसं लागतंय ते सांगायचं, आणि बाकी सगळ्यांनी ते अंगाने करून दाखवायचं. टोचतंय म्हटलं की सगळे "आई गं", गार लागतंय म्हटलं की सगळे कुडकुडणार, गोल आहे म्हटलं की सगळे हाताने गोल. आणि मग सगळ्यांनी मिळून एकदम नाव ओरडायचं. रोज तीनच मुलं, बाकीचे उद्या, नावं लिहून ठेवा कारण पोरं विसरत नाहीत. दुसरा उपाय, जुन्या मोज्यांच्या पाच-सहा छोट्या पिशव्या करा, प्रत्येकीत तीन-चार वस्तू, चार-चार पोरांना एक मोजा. मदतनीस ताई एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. हात सगळ्यांचे कामात, थांबायला कोणीच नाही.

प्रश्न विचारताना

"कोण सांगेल?" म्हटलं की तीच दोन ठरलेली पोरं सांगतात. सगळ्यांनी एकदम उत्तर देता येईल असा प्रश्न करा. किती? बोटं दाखवा. हो असेल तर नाक पकडा, नाही असेल तर कान. भोपळा मोठा की लिंबू, हाताने दाखवा. थोडी मोठी पोरं असतील तर शेजाऱ्याच्या कानात सांगा म्हणायचं, एकदम कुजबुज होते, गोंधळ वाटतो पण सगळी बोललेली असतात. आणि प्रश्न विचारून झाला की मनात पाच आकडे मोजा. आपण एक सेकंद थांबतो आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो, लहान मुलाला शब्द गोळा करायला वेळ लागतो. इथे मात्र आपण थांबायचंय, मुलांनी नाही.

अजून एक, मूल उत्तर देत नाही म्हणजे लक्ष नाही असं धरू नका. घरी वारली, अहिराणी, कोरकू, पावरी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला तुमचा पुस्तकी शब्दच माहीत नसतो. मदतनीस बहुतेक त्याच पाड्यातल्या, त्याच गावातल्या असतात, त्यांना विचारून रोजच्या वस्तूंचे मुलांच्या बोलीतले शब्द वहीत लिहून घ्या आणि गोलात दोन्ही शब्द वापरा. जे मूल महिनाभर गप्प होतं ते आपला शब्द ताईच्या तोंडून ऐकला की कान टवकारतं.

गोष्ट

गोष्ट पाठ पाहिजे, निदान तिचा सांगाडा तरी. पुस्तकात बघून वाचताना तुमचे डोळे खाली गेले की पोरं हातातून गेली. छोटं पुस्तक वीस जणांना दाखवता येत नाही, ते चार-पाच जणांना मांडीजवळ घेऊन वाचायचं, मोठ्या गोलाला तोंडी गोष्ट नाहीतर वस्तू घेऊन गोष्ट.

म्हातारी आणि भोपळ्याचीच घ्या, सगळ्यांना येते. पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, वाघ-कोल्हे येतील तिथे आवाज मोठा करण्यापेक्षा एकदम बारीक करा, पोरं पुढे सरकतात. भोपळा निघाला की सगळ्यांनी दोन्ही हात एकमेकांभोवती गरगर फिरवायचे आणि टुणुक टुणुक म्हणायचं. दुसऱ्या दिवशी मध्ये मध्ये थांबा आणि पुढचं पोरांना म्हणू द्या. तिसऱ्या दिवशी मुद्दाम चुका, "मग म्हातारी बसली टमाट्यात", अख्खा वर्ग ओरडतो भोपळ्यात! चौथ्या दिवशी नाटक. नाटकात तीन पात्रं आणि सतरा प्रेक्षक असं करू नका, निम्मी पोरं वाघ, निम्मी कोल्हे, म्हातारी तुम्ही, आणि परत निघाली की सगळेच भोपळे. हॉल छोटा असेल तर जागच्या जागी.

आणि शेवटी "मग यातून आपण काय शिकलो?" नको. म्हातारी लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड झाली, बस.

मोबाईलवर गाणी लावण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. पोरं गप्प होतात हे खरं, पण गप्प होणं आणि सामील होणं यात फरक आहे, त्या एवढ्याशा स्क्रीनवर वीस डोकी गोळा होतात आणि कोणीही तोंड उघडत नाही. गाणं आवडलं असेल तर घरी ऐकून तुम्ही शिका आणि इथे स्वतः म्हणा, बेसूर चालतं, पोरांना सुराचं काही पडलेलं नसतं.

उठून जाणारं मूल

पहिली गोष्ट, त्याच्यामागे जाऊ नका. तुम्ही उठलात की गोल उठला. मदतनीस ताई दारात नाही तर गोलातच, सगळ्यात चुळबुळ्या मुलाच्या शेजारी बसलेल्या असू द्या, पाठीवरून नुसता हात फिरवला तरी अर्धं काम होतं.

मग बघा की ते नेमकं कधी उठतं. रोज एकाच वेळी उठत असेल तर लघवी किंवा भूक. प्रश्न सुरू झाले की उठत असेल तर त्याला अवघड जातंय. काहीच नसेल आणि नुसते हात वळवळत असतील तर त्याला काम द्या, खडे वाटायला, पिशवी धरायला, दगडाचा ठेका धरायला. खोलीच्या एका कोपऱ्यात मणी किंवा ठोकळे ठेवा आणि नियम सांगा की गोलात नसेल बसायचं तर तिथे बसून शांत खेळायचं. बरीचशी पोरं तिथे बसून कान इकडेच ठेवतात आणि टुणुक टुणुक आलं की तिथूनच ओरडतात. नवीन रडणाऱ्या मुलाला गोलात ओढू नका, मदतनीस ताई तांदूळ निवडत असतील तर त्यांच्याजवळ बसून बघू द्या. आणि "बघा बघा, हा कसा वेडा आहे" असलं चारचौघात कधीच नाही.

एखादं मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही, मागून वाजवलेल्या खंजिरीला दचकत नाही, चित्र डोळ्याला चिकटवून बघतं, असं सारखं दिसलं तर तो खोडकरपणा समजू नका. पालकांशी बोला, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते त्यांना ते मूल आवर्जून दाखवा.

पंचवीस-तीस पोरं असतील तर एकच मोठा गोल करण्याच्या भानगडीत पडू नका. दोन गोल करा, निम्मी मदतनीस ताईंबरोबर अंगणात पाणी-माती-पळापळ, निम्मी तुमच्याबरोबर, मग अदलाबदल.

शेवट आणि नंतरचं

"ताई अजून एकदा!" असं ओरडा झाला की तिथे थांबायचं, उद्यासाठी भूक राहते. आणि "चला उठा, हात धुवा" असं एकदम म्हणू नका, नळावर चेंगराचेंगरी होते. ज्यांच्या अंगावर लाल रंग आहे ते चला, आता ज्यांचं नाव म ने सुरू होतं ते, आता वेणी घातलेल्या. बाकीच्यांनी तोपर्यंत गाणं चालू ठेवायचं, म्हणजे इथेही नुसतं ताटकळणं नाही. रंग, आवाज, वर्गीकरण सगळं हात धुवायच्या रांगेत होऊन जातं.

पालक म्हणतील नुसती गाणी-गोष्टी, अक्षरं कधी? त्यांना एक दिवस गोलात बसवा आणि म ची नावं उठताना दाखवा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातूनच घ्यायचा म्हटलंय, हे पण सांगून बघा, सरकारी कागदाचं नाव घेतलं की काही बाबालोक ऐकतात.

पोरं जेवायला बसली की वहीत दोन ओळी लिहा, पहिलं मूल कितव्या मिनिटाला उठलं आणि तेव्हा मी काय करत होते. आठवडाभर लिहिलं की दिसतं, बहुतेक वेळा तेव्हा तुम्ही काहीतरी शोधत असता, कोणाला तरी रागवत असता नाहीतर एकाच मुलाशी बोलत असता. पुढच्या आठवड्यात तेवढीच एक जागा बदला. सामान आदल्या दिवशी टोपलीत भरून मांडीजवळ ठेवा, उजव्या हाताला, क्रमाने.